'स्वल्प'वाले अण्णा

"चालतंय" हे उत्तर अण्णांना कधीच पुरत नसे. आपण आठवडाभर खपून एखादी गोष्ट तयार करावी, त्यांच्यासमोर सुरू करून दाखवावी आणि समाधानानं म्हणावं, "चालतंय, अण्णा," की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "चालतंय म्हंजे काय, विजयम्मा? आत्ता चालतंय की नेहमी चालतंय? तुझ्या हातात चालतंय की कुणाच्याही हातात?" मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मला विजयम्मा म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि दर रविवारी माझा असा अंत पाहणारंही कुणी नव्हतं.

बेंगळुरूजवळ येलहंक्याला इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणारी एक लहानशी कंपनी होती. अण्णा तिथं तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी बेळगावहून नुकतीच आलेली प्रोग्रामर. पहिल्याच आठवड्यात मी आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं आणि "आपली का तू?" म्हणून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीत 'जरा'च्या जागी 'स्वल्प' असे आणि 'बरं'च्या जागी 'सरी'. माझी बेळगावी मराठी आणि त्यांची बेंगळुरूची मराठी या दोघी लांबच्या नात्यातल्या बायकांसारख्या एकमेकींना सांभाळून घेत.

तपासणी विभागात अण्णांची दहशत होती. एकच वजन एकाच काट्यावर ते चाळीस वेळा ठेवत. एकोणचाळीस वेळा आकडा बरोबर आला आणि चाळिसाव्या वेळी एका ग्रॅमनं हलला, की तो काटा परत. जुळणी करणारे कामगार वैतागत. "अण्णा, बाजारात कोण चाळीस वेळा ठेवतंय?" असं एकानं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले होते, "चाळिसावं गिऱ्हाईक."

नव्वदीच्या मधल्या वर्षांत नवीन विंडोज आलं आणि कंपनीनं सगळे संगणक बदलले. जुनी आठ मशिनं भंगारात निघाली होती. अण्णांची निवृत्ती त्याच महिन्यात होती. मालकांनी विचारलं, निरोपाला काय देऊ? अण्णांनी ती आठ मशिनं मागितली आणि आसपासच्या चार शाळांना दोन-दोन वाटून टाकली. इथवर सगळं छान होतं. पण दिलेली वस्तू चालतेय का, हे पाहायला न गेले तर ते अण्णा कसले? महिन्याभरानं ते चारही शाळांत जाऊन आले. एका शाळेत मुख्याध्यापकांनी संगणकावर भरतकामाचा रुमाल घालून खोलीला कुलूप लावलं होतं. मुलांनी खिडकीतून बघायचं. दुसरीकडे मास्तर संगणकावर पत्ते खेळत होते. उरलेल्या दोन ठिकाणी कुणालाच काही माहीत नव्हतं.

"मशीन आहे, पण त्याच्याशी बोलायचं कसं हे कुणी सांगितलेलं नाही," अण्णा मला म्हणाले. "मुलांना बेसिक द्यायला पाहिजे."

बेसिक म्हणजे संगणकाला सूचना द्यायची एक सोपी भाषा. ओळीला क्रमांक द्यायचा, इंग्रजीतले वीस-पंचवीस शब्द शिकायचे, की मूलसुद्धा प्रोग्राम लिहू शकतं. लिहिलेली प्रत्येक ओळ वाचून मशिनकडून तिथल्या तिथं करून घेणारा एक दुभाषा लागतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. मी म्हटलं, असले दुभाषे ढिगानं मिळतात. अण्णांनी ते सगळे तपासले होते. एकाला नवीन मशीन लागत होतं. दुसरा काळ्या पडद्यावर उघडायचा आणि मुलांना त्यातून बाहेर पडता येत नसे. तिसरा चांगला होता, पण लोक त्याची चोरीची प्रत वापरत. "चोरून आणलेलं शाळेत द्यायचं?" एवढं विचारून त्यांनी तो विषय संपवला. आपणच एक लिहायचा, जुन्या विंडोजवर चालणारा, लहान आणि फुकट. नाव 'स्वल्प'.

त्यांना विंडोजवर प्रोग्राम लिहिता येत नव्हता. मला येत होता. "रविवारी स्वल्प येतेस?" त्यांनी विचारलं. त्यांचं स्वल्प म्हणजे दोन वर्षं, हे मला कुठं माहीत होतं!

येलहंक्याच्या त्यांच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का असे दोघंच राहत. अण्णांनी लग्न केलं नव्हतं; अक्का लवकर विधवा झालेल्या आणि टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. संगणकाला त्या 'पेटारं' म्हणत. मी आले की दार उघडून आत ओरडत, "तुझी पेटारंवाली आली रे!" मग मला हळूच विचारत, "हा तुला पगार तरी देतो का गं?" मी नाही म्हटलं की त्या कपाळाला हात लावत आणि मला दुप्पट वाढत.

पहिलं भांडण झालं ते चूक दाखवणाऱ्या संदेशावरून. ओळ चुकीची लिहिली की मशीन 'सिंटॅक्स एरर' असं दाखवतं. जगातले सगळे प्रोग्रामर ते वाचून मुकाट्यानं आपली ओळ सुधारतात. अण्णांना मात्र ते आवडलं नाही. "हे काय, मुलाच्या अंगावर खेकसल्यासारखं?" त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'चाळिसावी ओळ मला समजली नाही.' इंग्रजीत, साध्या शब्दांत. मी म्हटलं, "अण्णा, चूक मुलाची असते, मशिनची नसते." "असू दे की. समजलं नाही हे तर खरं आहे ना?" असे सत्तावीस संदेश आम्ही बदलले. प्रत्येकासाठी ते कागदावर तीन-तीन मसुदे करत. एका रविवारी 'शून्यानं भागता येत नाही' हे वाक्य पुरेसं सभ्य आहे का, यावर माझे चार तास गेले. घरी परतताना बसमध्ये मी स्वतःशीच बडबडत होते. शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दुसरा त्यांचा हट्ट आकाराचा. इंटरप्रिटर, त्याचं पुस्तक आणि नमुन्याचे प्रोग्राम हे सगळं एकाच फ्लॉपीवर बसलं पाहिजे. आणि नुसतं बसून उपयोग नाही, अर्धी फ्लॉपी रिकामी राहिली पाहिजे. का? "मुलं आपलं लिहिलेलं कुठं ठेवतील?" मी हौसेनं रंगीत अक्षरं केली होती, ती गेली. छापायची सुंदर सोय केली होती, ती निम्मी गेली. दर रविवारी ते फूटपट्टी घेतल्यासारखे आकडा बघत आणि म्हणत, "आणखी स्वल्प कमी कर." शिवाय प्रत्येक तुकडा ज्यानं लिहिला त्यानं वर आपल्या नावाची आद्याक्षरं घालायची, हा वजनकाट्यांच्या दिवसांतला नियम इथंही लागू होता.

अशाच एका रविवारी माझं डोकं फिरलं. प्रोग्राममध्ये आकडे ठेवायला कप्पे असतात आणि त्यांना नावं द्यावी लागतात. नाव कितीही लांब असलं तरी चालेल, असं अण्णांनी पुस्तकात लिहून ठेवलं होतं. मी मात्र नावाची पहिली सातच अक्षरं तपासायची असं करून टाकलं. त्यापेक्षा लांब नाव कोण देणार आहे? जागा वाचली, मेमरी वाचली. मनात म्हटलं, घ्या, केलं स्वल्प कमी! अण्णांनी आकडा पाहिला, खूश झाले आणि सहज विचारलं, "पण नाव सगळं तपासतो ना?"

"हो," मी म्हटलं.

मला घरी जायचं होतं. एवढंच कारण होतं.

'स्वल्प' तयार झालं. आधी त्या चार शाळांत गेलं, मग मास्तरांनी मास्तरांना सांगितलं आणि मागण्या यायला लागल्या. अक्का पेटाऱ्याला नावं ठेवत मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापत आणि त्यात फ्लॉप्या घालून पाठवत. टपालात काय मोडतं आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? अण्णा प्रत्येकाचं नाव-पत्ता वहीत लिहून ठेवत. साठेक नावं झाली. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जाई. एका मास्तरांनी 'प्रोग्राम उत्तम आहे' एवढंच लिहिलं, तर अण्णांनी उलट टपाली विचारलं, कशात उत्तम आहे? मी हात जोडले.

मग होसकोट्याजवळच्या एका शाळेतून जाडजूड पाकीट आलं. तिथल्या नंजुंडप्पा मास्तरांनी 'स्वल्प'मध्ये स्वतः प्रोग्राम लिहून नववीचा निकाल लावला होता. पूर्वी दोन दिवस जात, आता दहा मिनिटांत काम झालं, असे आभार मानले होते आणि कौतुकानं प्रोग्राम व छापील निकाल सोबत जोडला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं ते पत्र चौकटीत लावलं असतं. अण्णांनी पेन्सिल घेतली आणि बेरजा तपासायला बसले.

मी रविवारी गेले तेव्हा कागद टेबलावर पसरले होते. "स्वल्प हे बघ," ते म्हणाले. विज्ञानाचे दोन पेपर होते, पन्नास-पन्नास मार्कांचे, आणि प्रत्येकाचे मार्क प्रोग्राममध्येच ओळीनं लिहिलेले होते. मास्तरांनी कप्प्यांना नावं दिली होती इंग्रजीत, सायन्स एक आणि सायन्स दोन. सायन्स या शब्दाची इंग्रजी अक्षरं सात. आठवं अक्षर म्हणजे तो एक किंवा दोन, आणि ते माझा प्रोग्राम बघतच नव्हता. दोन्ही पेपरांचे मार्क एकाच कप्प्यात जात होते. दुसरा आला की पहिला पुसला जाई आणि बेरजेत दुसराच दोनदा धरला जाई. मंजुळा नावाच्या एका मुलीला पहिल्या पेपरात एक्केचाळीस होते, दुसऱ्यात बारा. बेरीज त्रेपन्न. निकालात लिहिलं होतं चोवीस, नापास.

मी ती बेरीज पुन्हा करून पाहिली. "उद्या होसकोट्याला जायचं," एवढंच अण्णा म्हणाले, "रजा टाक."

नंजुंडप्पा मास्तर आम्हाला बघून आधी हरखले आणि मग कागद बघून मार्कांची वही काढून बसले. मंजुळेनं तीन आठवड्यांपूर्वी शाळा सोडली होती. तिचे वडील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे रखवालदार; त्यांनी तिला तिथंच डबे भरायच्या कामाला लावलं होतं. दुसऱ्या पेपराच्या दिवशी तिला ताप होता, हे मास्तरांना आठवलं. नापास व्हायला हवीत अशी दोन मुलं पास झाली होती, तीही सापडली. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं अण्णा म्हणाले, आणि मास्तरांनी त्यांना तसंच वर जाऊ दिलं.

आम्ही तिघं मंजुळेच्या वडिलांना भेटायला कारखान्याच्या फाटकाशी गेलो. बोलणं कन्नडमध्ये झालं. त्यांनी अण्णांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कंप्युटरनं काढलेला निकाल आहे. मास्तरांनी काढला असता तर मी भांडायला आलो असतो. कंप्युटरशी काय भांडणार? मीच तिला म्हटलं, तुझ्या डोक्यात नाही, सोड."

"मग आता माझ्याशी भांडा," अण्णा म्हणाले. "तो कंप्युटर म्हणजे मी. चूक माझी आहे. तुमच्या मुलीनं काही चुकवलेलं नाही."

ते भांडले नाहीत. म्हणाले, तिचा हात कामावर बसलाय, आता कशाला? अण्णांनी मुलीला भेटायची परवानगी मागितली. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाशी आली, ओढणीला हात पुसत. अण्णांनी दोन्ही पेपरांचे आकडे पेन्सिलनं लिहिले आणि तिलाच बेरीज करायला सांगितली. तिनं ती केली, मग पुन्हा एकदा केली. "त्रेपन्न," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळून पुन्हा, मोठ्यानं, "त्रेपन्न आहेत."

मी तिथं उभी होते. तोंड उघडलं नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र माझ्याच्यानं राहवेना. "अण्णा, नावं तपासायचं ते काम माझं होतं."

"माहीत आहे. सही तुझीच आहे की तिथं."

"मग तिथं का नाही बोललात?"

"तिथं त्या मुलीचं बोलायचं होतं," ते म्हणाले. "तुझं नव्हे."

मी म्हटलं, तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं 'हो' म्हटलं. ते म्हणाले, "तेच मला कळत नाही. मी काटा चाळीस वेळा तपासणारा माणूस. हे मी एकदाही तपासलं नाही."

"का?"

"तू म्हणालीस म्हणून."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्यावर आवाज चढवावा म्हणून त्या दिवशी मी मनातून किती वाट पाहिली!

पूर्ण नाव तपासायची दुरुस्ती मी दुसऱ्याच दिवशी केली. ती अकरा ओळींची निघाली. फ्लॉपीवर तिनं काहीच जागा घेतली नाही.

त्यानंतर सुरू झाला तो खरा छळ. वहीतल्या साठही जणांना अण्णांनी पत्रं लिहिली, जुनी फ्लॉपी परत पाठवा, नवी घ्या. मी म्हटलं, फुकट दिलेली वस्तू कुणी परत मागवतं का? त्यांनी मागवली. पंधरा दिवसांत ज्याचं उत्तर आलं नाही, त्याच्याकडे ते स्वतः बसनं गेले. कित्येकदा मलाही नेलं. चिक्कबळ्ळापूरच्या एका दुकानदारानं ती फ्लॉपी डगमगत्या टेबलाच्या पायाखाली ठेवली होती; अण्णांनी टेबल उचलायला लावून ती बदलून दिली. कोलारच्या बाजूला एक मास्तर बदली होऊन गेले होते, त्यांच्या नव्या गावी आम्ही दुसरी बस धरून गेलो. त्यांनी पाकीट उघडलंच नव्हतं. मी रडकुंडीला आले होते, आणि अण्णा त्यांना समाधानानं सांगत होते, "सरी, मग तुमचं काही बिघडलं नाही."

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्यांनी छापून घेतलं: 'पूर्वीच्या प्रतीत एक चूक होती. तिच्यामुळे एका विद्यार्थिनीचा निकाल चुकीचा लागला. ही प्रत तपासलेली आहे, तरीही एकदा हातानं बेरीज करून पाहा.' मी म्हटलं, स्वतःची चूक पहिल्या पानावर कोण लिहितं? आणि लिहायचीच तर माझं नाव घाला. तेही नाही. "नाव घातलं की लोक माणूस बघतात. चूक बघायची राहून जाते."

मंजुळेच्या वडिलांकडे ते आणखी तीनदा गेले. जूनमध्ये ती शाळेत परत आली. दहावीला तिला किती मार्क पडले हे मला ठाऊक नाही. ती दहावीला बसली, एवढं नंजुंडप्पा मास्तरांनी कळवलं.

पुढं मला व्हाइटफील्डला नोकरी लागली. तिथं नवी ऑफिसं उभी राहत होती, पगार चांगला होता, आणि खरं सांगते, रविवार परत मिळणार म्हणूनही मी खूश होते. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "सरी. मोठं काम आहे का?"

"खूप मोठं."

"मग चुकाही मोठ्या होतील. स्वल्प जपून."

मी दीड वर्षात चारदा गेले असेन. पाचव्यांदा जायचं ते पुढं ढकलत राहिले. एका दुपारी ऑफिसात अक्कांचा फोन आला. छातीत दुखतं म्हणून अण्णांना दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवस तिथं होते आणि त्या सकाळी गेले. "तुला कळवायचं म्हटलं तर नको म्हणाला," अक्का म्हणाल्या. "तिचं काम मोडेल म्हणे."

अण्णा गेले तरी पत्रं थांबली नाहीत. जुनी मशिनं अजून शाळाशाळांतून चालू होती आणि मास्तरांना प्रश्न पडत होते. अक्का महिन्याची पत्रं एका पाकिटात घालून माझ्याकडे पाठवत. वर चिठ्ठी, 'उत्तर दे.' मी जमेल तसं देत होते. एक दिवस अक्कांनी फोनवरच मला फैलावर घेतलं. "तुझं उत्तर जायला महिना लागतो. माणूस तिकडं मशीन उघडून बसलाय. तुला वेळ नसेल तर मला शिकव."

मला वाटलं, त्या रागानं बोलतायत. पण पुढच्या रविवारी दोन बस बदलून येलहंक्याला पोचले, तर अडुसष्ट वर्षांच्या अक्का पुस्तक उघडून, पेन्सिल घेऊन, अण्णांच्या खुर्चीत बसलेल्या. मी नऊ रविवार गेले. त्या एका बोटानं टाइप करत आणि मी काही सांगायला लागले की हात वर करून मला थांबवत. त्यांचे प्रश्न संपत नसत. चौथ्या रविवारी मी वैतागून म्हटलं, "अक्का, हे सोडून द्या ना." त्या म्हणाल्या, "टपालखात्यात छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं पोचवली. ही तर आमच्या घरी आलेली आहेत."

नवव्या रविवारी गेले तेव्हा टेबलावर एक कार्ड लिहून तयार होतं. तुमकुरूच्या एका बाईंनी विचारलं होतं, मुलांची नावं वर्णानुक्रमे कशी लावायची? अक्कांनी कन्नडमध्ये उत्तर लिहिलं होतं, आठ ओळींचा प्रोग्राम, खाली समजावून सांगितलेला. मी तो मशिनवर घालून पाहिला. मग दुसरी नावं घालून पाहिला. एकसारखी दोन नावं घालून पाहिली. एकच नाव घातलं. काहीच घातलं नाही. चूक सापडेना.

तोवर माझ्या मदतीनं लिहिलेल्या प्रत्येक उत्तराखाली त्या 'अण्णांच्या वतीनं' असं लिहीत आल्या होत्या. या कार्डावर नुसतं स्वतःचं नाव होतं, 'इंदिराबाई, येलहंका'. मी त्या अक्षरांकडे बघत बसले, तेव्हा अक्का पुढचं पत्र फोडत होत्या.

"झालं का तुझं बघून?" त्या चष्म्यावरून म्हणाल्या. "मग आत जा आणि दोघींची कॉफी कर. मला अजून तीन पत्रं आहेत."

मी उठले आणि दूध तापत ठेवलं.